बाभळीचा काटा, बाराचं ऊन: उन्हाळ्यात आडवाटेनं सायकल चालवताना

एप्रिल-मे महिन्यांत सायकल घेऊन गावाकडच्या रस्त्याला लागायचं असेल तर आधी घड्याळाचा हिशेब करा, किलोमीटरचा नंतर. पुण्या-साताऱ्याकडे मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, पण पावणेसहालाच रस्त्यावरचे खड्डे दिसण्याइतकं उजाडलेलं असतं. तिथून साडेदहापर्यंत पावणेपाच तास मिळतात. चहा, नाश्ता, पुलावर घटकाभर टेकणं आणि एखादं पंक्चर असा दीड तास वजा करा. उरलेल्या सव्वातीन तासांत, ताशी १२ ते १४ किलोमीटरच्या निवांत वेगानं, ४० ते ४५ किलोमीटर होतात. संध्याकाळी पाच ते पावणेसात आणखी २० किलोमीटर. दिवसाला ६० किलोमीटर म्हणजे या ऋतूत भरपूर झालं. विदर्भात सूर्य वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो, आणि ऊनही तितकंच आधी चढतं. तिथे साडेनऊला सावलीत असायला हवं.

अकरा ते चार या वेळात सायकल चालवायची नाही, हा नियम आम्ही कुठल्याही सबबीवर मोडू देत नाही. दुपार काढायला देवळाचा सभामंडप, वडाचा पार किंवा सुट्टीमुळे बंद असलेल्या जिल्हा परिषद शाळेची पडवी उत्तम. आडवं होण्याआधी कुणाला तरी विचारावं. बहुतेक ठिकाणी नुसता होकार न मिळता पाण्याचा तांब्याही येतो. सायकल मात्र सावलीतच लावा. उन्हात उभ्या सायकलचं काळं सीट आणि ग्रिप चटका देतात, बाटलीतलं पाणी पिववत नाही, आणि ट्यूबवर जुना पॅच असेल तर त्याचा चिकटा ढिला पडतो.

कोकणातलं ऊन आणि देशावरचं ऊन यांत फरक आहे. कोकणात तापमापक ३४-३५ अंशच दाखवतो, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. देशावर उलटं. घाम येता येता उडून जातो आणि किती पाणी गेलं ते कळतच नाही. शर्टावर पांढरे मिठाचे पट्टे दिसले की समजावं, पाणी पिण्यात आपण मागे पडलो आहोत.

रस्ता निवडताना

कडेचे दगड वाचायला शिका. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य मार्गाचा. काळा किंवा निळा जिल्हा मार्गाचा, आणि केशरी डोक्याचा दगड पंतप्रधान ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याचा. केशरी दगड दिसला की रहदारी कमी असणार, रस्ता अरुंद पण डांबरी असणार. आपल्याला हवा तो हाच.

पश्चिम महाराष्ट्रात कालव्याच्या कडेचे रस्ते फार चांगले. पाणी वाहायला पुरेल इतकाच उतार कालव्याला दिलेला असतो, त्यामुळे शेजारचा रस्ताही जवळजवळ सपाट राहतो, आणि जागोजागी झाडं असतात. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, नीरेपासून बारामतीकडे, दोन्ही बाजूंना ऊस असताना सकाळी आठपर्यंत हवेत गारवा टिकतो. तोल मात्र सांभाळावा. भराव उंच असतो, कठडा नसतो, आणि आवर्तन चालू असलेल्या, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडलेल्या, कालव्यातून अस्तराच्या गुळगुळीत उतारावर पाय रोवून बाहेर येणं पोहणाऱ्यालाही जड जातं. पाण्यात उतरू नका.

समुद्राकाठचा रस्ता सपाट असेल अशी समजूत करून कोकणात जाणाऱ्यांची पहिल्याच दिवशी दमछाक होते. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, जयगड या भागात रस्ता किनाऱ्यावरून सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, चढतो आणि पुढच्या खाडीला पुन्हा पाण्यापर्यंत उतरतो. चढ एका वेळी शंभर-दीडशे मीटरचाच, पण असे चढ दिवसातून चार-पाच येतात आणि सड्यावर सावलीचं नाव नसतं. खाड्या ओलांडायला दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी आहेत. सायकल बोटीत नेता येते. बोटीची वेळ आधी विचारून घ्या आणि चढाचा टप्पा सकाळच्या वाट्याला येईल असा बेत करा.

फोनवरच्या नकाशात पाणंद रस्ता आणि डांबरी रस्ता बरेचदा सारखेच दिसतात. नकाशा आधी उतरवून ठेवा, पण शेवटचा शब्द गावकऱ्याचा. 'रस्ता चांगला आहे का?' असं विचारलं तर 'चांगलाय की' हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारावं: डांबरी आहे का? एसटी जाते का? ओढ्यावर पूल आहे की पाण्यातून जावं लागतं? एसटी जात असेल तर आपली सायकल नक्की जाते.

पिशवीत काय असावं

एकूण वजन दीड किलोच्या आत बसतं. आपल्या मापाच्या दोन ट्यूब, पॅचची डबी, न उघडलेलं रबर सोल्यूशन, बारीक सँडपेपर, दोन टायर लिव्हर, छोटा हातपंप. ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या षट्कोनी अ‍ॅलन की, एक स्क्रू-ड्रायव्हर, चेन तोडायचं हत्यार आणि आपल्या चेनच्या स्पीडचीच (मागे जितकी दातेरी चक्रं, तितके स्पीड) जोडकडी. आठ स्पीडची कडी दहा स्पीडच्या चेनला बसत नाही, हे घरीच बघून घ्यावं. चाकाला नट असतील तर १५ चा पाना. काही सायकलींना १४ लागतो. इन्सुलेशन टेप, पाच-सहा प्लॅस्टिकचे बंध, जुन्या टायरचा बोटभर तुकडा आणि भुवया उपटायचा चिमटा. हा चिमटा का लागतो ते पुढे येईल.

व्हॉल्व्हकडे नीट बघा. गावातला पंप साध्या सायकलच्या आणि मोटरसायकलच्या व्हॉल्व्हला बसतो. बारीक, लांब प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही. त्यासाठी पितळी अ‍ॅडॉप्टर मिळतो, बोटाच्या पेरापेक्षा लहान. तो व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवावा म्हणजे हरवत नाही. आणखी एक अडचण अशी की प्रेस्टाच्या रिमचं भोक साडेसहा मिलिमीटरचं असतं आणि मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हला साडेआठ लागतात. दुकानात ट्यूब मिळाली तरी ती रिममध्ये शिरणार नाही. म्हणूनच दोन ट्यूब आपल्याजवळ हव्यात.

साध्या सायकलला वेगळाच प्रकार होतो. व्हॉल्व्हच्या आत रबराची बारीक वालट्यूब असते, ती उन्हानं चिरते आणि रात्रभरात चाक बसतं. लोक पंक्चर शोधत बसतात. आधी व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून बघा. बुडबुडा आला तर दोन इंच नवी वालट्यूब चढवली की काम झालं. कोणत्याही सायकल दुकानात ती मिळते.

हवा किती

'उन्हात हवा फुगते आणि टायर फुटतो' म्हणून कमी हवा भरायची पद्धत आहे. ती चुकीची आहे. सकाळी २५ अंशांत ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरली तर ४२ अंशांत ती ५४ होते. टायर तापून ६० अंशांवर गेला तरी ५८ च्या आत राहते. चांगल्या टायरला यानं काही होत नाही. फुटतो तो कडेला चिरलेला टायर, किंवा टायर आणि रिमच्या मध्ये चिमटलेली ट्यूब. उन्हाचं निमित्त होतं, इतकंच. उलट कमी हवेचं चाक खड्ड्याच्या काठावर आपटलं की रिम ट्यूबला दोन्हीकडून चावते.

सत्तर किलोच्या माणसाला ३५ ते ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ५० ते ६०, दोन इंची जाड टायरमध्ये ३० ते ४०, आणि साध्या २८ इंची सायकलला ४५ च्या आसपास हवा पुरते. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा चार-पाच जास्त. टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेच्या वर जाऊ नये. ट्रकच्या कॉम्प्रेसरवर हवा भरून घेणार असाल तर नळी एका क्षणापेक्षा जास्त दाबू देऊ नका. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते किती, आणि तो यंत्राचा झोत केवढा.

पंक्चर

उन्हाळ्यात पंक्चरचं प्रमाण वाढतं, कारण या दिवसांत बांधावरच्या बाभळी तोडतात, कुंपणाला काटेरी फांद्या लावतात आणि त्या रस्त्यावरून ओढत नेतात. शिवाय वाळलेले सराटे असतात. बैलगाडीच्या चाकोरीत आणि डांबराच्या अगदी कडेला काटे साचतात, म्हणून मोकळ्या रस्त्यावर कडेपासून हातभर आत चालवावं. लघवीला किंवा फोटोला थांबलात तर सायकल झुडपात ढकलत नेऊ नका, उचलून ठेवा.

चाक बसलं की लगेच उतरा. रिमवर पन्नास पावलं चालवली तरी ट्यूब चिरते आणि पॅच लावायला जागा उरत नाही. सावलीत, काटे नसलेल्या जागी जा. मागचं चाक असेल तर चेन सर्वांत लहान दातेरी चक्रावर आणा, ब्रेक मोकळा करा, मग चाक काढा. उरलीसुरली हवा सोडून टायरच्या दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत एक फेरी मारा. टायर ढिला पडतो आणि लिव्हर सहज शिरतो. लिव्हर व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूनं घाला. एकच कड बाहेर काढायची.

ट्यूब काढताना ती टायरमध्ये कशी बसली होती ते लक्षात ठेवा, कारण भोक सापडलं की काटाही तिथेच सापडतो. हवा भरून ट्यूब ओठांजवळून फिरवा; झुळूक लागते. नाही लागली तर शेतातल्या पाटात किंवा बादलीत बुडवा. आता भोकाची जागा वाचा. बाहेरच्या अंगाला एक बारीक छिद्र म्हणजे काटा. शेजारी शेजारी दोन चिरा म्हणजे हवा कमी होती. आतल्या, रिमकडच्या अंगाला भोक म्हणजे रिमवरची पट्टी सरकली आहे आणि स्पोकचं टोक टोचतं आहे. पट्टी नीट न करता ट्यूब बदलली तर दहा मिनिटांत तेच होणार.

काटा काढणं हे पंक्चर काढण्यातलं मुख्य काम. बाभळीचा काटा टायरच्या रबरात मोडून बसतो आणि बाहेरून दिसत नाही. रुमाल गुंडाळून टायरच्या आतून हळूहळू फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा. नुसतं बोट फिरवू नका, काच असली तर कापेल. आतून अ‍ॅलन कीच्या टोकानं ढकला आणि बाहेरून चिमट्यानं ओढा, किंवा उलट. एक काटा मिळाला म्हणून थांबू नका. पूर्ण फेरी करा. दुसऱ्यांदा होणाऱ्या पंक्चरमागे बहुतेकदा पहिल्या वेळी राहून गेलेला काटा असतो.

शहाणपण म्हणजे रस्त्यावर नवी ट्यूब घालायची आणि जुनीला पॅच दुपारच्या मुक्कामी लावायचा. पॅच लावताना ट्यूब कोरडी करा, पॅचपेक्षा बोटभर मोठी जागा सँडपेपरनं घासा, ट्यूब बनवताना उमटलेली उंच रेघ तिथे असेल तर ती सपाट होईपर्यंत घासा. सोल्यूशनचा पातळ थर द्या. थंडीत चार-पाच मिनिटं लागतात, उन्हाळ्यात दोन-तीन मिनिटांत चमक जाते आणि बोटाला चिकटेनासं होतं. तेव्हाच पॅच ठेवा आणि मधून कडेकडे दाबत जा. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच हमखास सुटतो. एकदा उघडलेली सोल्यूशनची नळी या उकाड्यात आठवड्या-दोन आठवड्यांत वाळून जाते. बिनासोल्यूशनचे चिकट पॅच थंड हवेत चालतात. तापलेल्या टायरमध्ये ते सरकतात, त्यांच्यावर विसंबू नका.

टायर बसवताना ट्यूबमध्ये थोडी हवा घालून ती गोल करा, टायरची कड हातानंच चढवा, शेवटचा भाग व्हॉल्व्हजवळ आणा. लिव्हरनं चढवली तर नवी ट्यूब चिमटून फाटण्याची भीती. पूर्ण हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी बघा, ट्यूब कुठे डोकावत तर नाही ना. टायरलाच चीर पडली असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा ठेवा. तो नसेल तर दुधाच्या पिशवीची चौपदरी घडी चालते, मग हवा थोडी कमी ठेवून हळू जावं.

चेन, तारा, पायडल

चेन पडली तर डिरेलरचा, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेचा, दांडा पुढे दाबून चेन ढिली करा आणि काडीनं वर चढवा. बोटं दात्यांत घालू नका. चेन तुटली तर खराब कडी काढून जोडकडी लावा. चेन एका कडीनं आखूड होऊ शकते, म्हणून पुढचं मोठं आणि मागचंही मोठं चक्र असा मेळ त्या दिवशी टाळा.

मागच्या गिअरची तार तुटली की बहुतेक सायकलींत चेन आपोआप सर्वांत लहान चक्रावर, म्हणजे सर्वांत जड गिअरवर जाते. डिरेलरवरच्या दोन छोट्या स्क्रूंपैकी 'एच' लिहिलेला स्क्रू घट्ट करत गेलं की चेन दुसऱ्या, कधी तिसऱ्या चक्रावर येऊन थांबते. तेवढ्यावर घर गाठता येतं. सायकल उजव्या अंगावर पडली असेल तर डिरेलर आत वाकला आहे का ते मागून बघा. वाकला असेल तर सर्वांत हलका गिअर टाकूच नका. डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि चाकासकट सगळं मोडतं.

डावा पायडल उलट्या आट्याचा असतो. घट्ट करायला तो डावीकडे फिरवावा लागतो. हे माहीत नसलेले लोक सैल पायडल जोर लावून आणखी सैल करतात. साध्या सायकलचा पायडल टकटक करत असेल तर पायडलचा दांडा आसाला धरून ठेवणारी कॉटर पिन ढिली झाली आहे; दगडानं दोन घाव घालून पुढच्या गावापर्यंत जा, तिथला मिस्त्री पाच मिनिटांत नवी ठोकून देईल.

धुळीच्या दिवसांत चेनला कमी तेल. थेंब थेंब प्रत्येक कडीला आणि मग फडक्यानं बाहेरून पूर्ण पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल फुफाटा ओढतं आणि त्याची कुरुंदासारखी लापशी चेन खाते.

पावसाआधी, मे महिन्यातच, गावोगावी डांबरीकरण उरकतात. ताज्या डांबरावर पसरलेल्या बारीक खडीवर वळण घेताना चाक सटकतं. तिथे ब्रेक वळणाआधी दाबा, वळणात नाही. टायरला डांबर आणि खडी चिकटली तर त्यावर कोरडी माती चोळा आणि काडीनं खरवडा. रॉकेल लावू नका, रबर खराब होतं. अंगावरचं डांबर खोबरेल तेलानं निघतं.

घाटउतारावर, उदाहरणार्थ पाचगणीहून पसरणी घाटानं वाईकडे उतरताना, रिमला घासणारे ब्रेक सतत दाबून ठेवले तर रिम तापते, आणि इथे मात्र आतली ट्यूब खरोखर फुटू शकते. दाबा, सोडा, दाबा, सोडा. दोन-तीन किलोमीटरवर थांबून रिम निवू द्या. पुढच्या ब्रेकची तार तुटली असेल तर घाट चालत उतरावा. याला दुसरा उपाय नाही.

अंगाला ऊन लागलं तर

तासाला ५०० मिलिलिटर ते १ लिटर पाणी लागतं. दोन लिटर जवळ ठेवून दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्या, तहान लागायची वाट न बघता. नुसतं पाणी पीत राहिलात तर मिठाची भरपाई होत नाही. ओआरएसची पुडी ज्या मापात सांगितली आहे त्याच मापात विरघळवा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ताक, पन्हं, मीठ घातलेलं कोकम सरबत, कोकणात ताडगोळे, सगळं चांगलं. रसवंतीवर उसाचा रस बर्फाविना मागा.

डोकं ठणकणं, मळमळ, चक्कर, पोटऱ्यांत गोळे येणं ही पहिली सूचना. त्या क्षणी थांबायचं. सावलीत आडवं व्हा, पाय थोडे उंच, कपडे सैल, अंगावर ओलं फडकं, घोटाघोटानं मीठ-साखरेचं पाणी. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू नका.

सोबती असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, अंग तव्यासारखं तापलं, तर तो उष्माघात आहे. घाम येत असला तरीही. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हात आखडू नका: अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काख आणि जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

पडणं, कुत्री, मोहोळ

खरचटलं तर बाटलीतल्या स्वच्छ पाण्यानं खडी आणि माती निघेपर्यंत धुवा. हळद, चुना, माती काही भरू नका. जखम मातीतली असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं ते आठवत नसेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी जा. डोकं आपटलं असेल आणि नंतर उलटी किंवा गुंगी येत असेल तर हेल्मेट घातलेलं होतं म्हणून निश्चिंत राहू नका.

वस्तीवरची कुत्री धावली तर जोरात पळवू नका. वेग कमी करा, उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत त्यांच्या हद्दीबाहेर जा. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पूर्ण पंधरा मिनिटं जखम धुवा. पट्टी बांधू नका. रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करा. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. सगळे डोस पूर्ण करा, कुत्रं पाळीव असलं तरी.

जुन्या पुलाखाली आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ असतात. तिथे थांबून बिडी-सिगारेट पेटवू नका, उग्र अत्तर लावून जाऊ नका. माश्या उठल्या तर सायकल टाकून, तोंड झाकून, सरळ रेषेत धूम ठोका आणि घरात शिरा.

वळीव

देशावर दुपारी तीननंतर आभाळात कोबीच्या गड्ड्यासारखे ढग चढू लागले की संध्याकाळच्या टप्प्याचा मोह सोडावा. आधी गार वारा सुटतो, मग धूळ, मग गारा. वीज कडाडू लागली तर एकट्या झाडाखाली, विहिरीच्या मोटरजवळ किंवा तारेच्या कुंपणाला टेकून थांबू नका. पक्कं घर, शाळा किंवा पूर्ण बंद गाडी गाठा. माळावर अडकलात तर सायकल दूर ठेवा, सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसा, हात जमिनीला टेकू नका.

गडगडाट ऐकू येणं थांबल्यावर आणखी अर्धा तास तिथेच राहा. मग निघताना हळू चालवा, कारण महिनोन्‌महिने साचलेली धूळ आणि तेल पहिल्या सरीनं भिजून डांबरावर साबणासारखं पसरलेलं असतं, आणि बांधावरचे सगळे काटे पाण्याबरोबर वाहून रस्त्याच्या कडेला येऊन पडलेले असतात.